पॉइंट टू टूची काडतुसं: पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा काढल्यावर

काडतुसांचा महागडा डबा घेतला की गुण वाढतात, हा ५० मीटर रायफल नेमबाजीतला सगळ्यात खर्चिक समज. साधी आणि मॅच दर्जाची काडतुसं एकाच रायफलमधून महिनोन्‌महिने वापरली की हिशेब वेगळा निघतो. आधी रायफल काय मागते ते बघा, मग तोच माल पुन्हा मिळेल का ते बघा, आणि किमतीचं शेवटी.

हे सगळं पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर चालणाऱ्या प्रोन (पालथं पडून) आणि थ्री पोझिशन (नीलिंग म्हणजे गुडघ्यावर, प्रोन, स्टँडिंग म्हणजे उभं राहून) या प्रकारांपुरतं आहे. थ्री पोझिशन म्हणजे स्वप्नील कुसाळेने २०२४ला पॅरिसमध्ये कांस्य मिळवलं तो प्रकार. 'घरात आजोबांची पॉइंट थ्री वन फाइव्ह रायफल आहे, ती चालेल का?' असं विचारणारे नेहमी भेटतात. नाही चालणार. तिची काडतुसं आपल्या खडकीत बनतात हे खरं, पण या स्पर्धेला ५.६ मिलिमीटरचं, म्हणजे पॉइंट टू टू (०.२२ इंच) कॅलिबरचं 'लाँग रायफल' नावाचं रिमफायर (प्रायमर बुडाच्या कडेत असलेलं) काडतूसच लागतं. जवळ मिळतंय म्हणून कॅलिबर निवडायची सोय इथे नाही.

पॉइंट टू टूमध्येही रायफल-रायफलमध्ये फरक आहे. आन्शुट्झ १९०७सारखी एकेक राउंड हाताने भरायची मॅच रायफल असेल, तर चपट्या नाकाची गोळी बिनधास्त घ्या. सीझेड ४५७सारखी मॅगझिनवाली असेल, तर गोल नाकाची गोळी रॅम्पवरून (मॅगझिनपुढच्या उतारावरून) सरळ चढते, चपटी कधीकधी चेंबरच्या (काडतूस बसतं त्या खोबणीच्या) काठाला अडते आणि शिसं खरवडलं जातं. तसा खरवडलेला राउंड पुढे फायर झाला तरी ग्रुपबाहेर (बाकी गोळ्यांच्या झुबक्याबाहेर) जाणार हे धरून चाला.

मॅच चेंबरची आणखी एक खोड नवख्यांना कुणी सांगत नाही. चेंबर इतकं घट्ट असतं की बोल्ट बंद करताना गोळीचा पुढचा भाग रायफलिंगमध्ये (बॅरलमधल्या आट्यांमध्ये) रुततो. 'स्टॉप, अनलोड' ऐकून न उडालेला राउंड बाहेर काढला की कधीकधी नुसती केस (पितळी कवच) येते, गोळी घशातच राहते आणि बारूद ट्रिगरच्या यंत्रणेत सांडते. अशा वेळी वरून दुसरा राउंड घालायचा नाही. बोल्ट उघडा ठेवा, रेंज ऑफिसरला हात करा, सांडलेली बारूद काढा आणि गोळी रॉडने बाहेर घ्या.

आता वेग. डब्यावर 'हाय व्हेलॉसिटी' दिसलं की मोह होतो, पण तो माल टार्गेटसाठी नाही. मॅचची काडतुसं सेकंदाला साधारण ३२५ ते ३३० मीटरने निघतात, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या आत. पुण्यात हिवाळ्यातल्या सकाळी १२ अंशांना आवाजाचा वेग ३३९च्या आसपास असतो, मेच्या दुपारी ३८ अंशांना ३५४. म्हणजे दोन्ही ऋतूंत राखीव अंतर राहतं. ३८०ने निघालेली गोळी मात्र ५० मीटरच्या आतच आवाजाच्या वेगाकडे उतरू लागते आणि डगमगते. वर आडव्या वाऱ्यात ती जास्त सरकते, कमी नाही. मॅच गोळीला एक मीटर प्रति सेकंदाचा आडवा वारा सुमारे ७ मिलिमीटर ढकलतो, तेवढाच पुरेसा तापदायक आहे.

पैशाचा खरा प्रश्न इथून पुढे. एलीचं टेनेक्स, लापुआचं मिडास प्लस, आरडब्ल्यूएसचं आर ५० ही वरची पायरी. एसके स्टँडर्ड प्लस, एली क्लब ही सरावाची. वरच्या पायरीचा राउंड खालच्याच्या अडीच-तीनपट पडतो. घेताय काय, तर वेगातला सारखेपणा. वेगात ३ मीटर प्रति सेकंदाचा फरक पडला की ५० मीटरवर उंचीत अंदाजे अडीच मिलिमीटर जातात. टार्गेटवर ०.८ मिलिमीटरला एक दशांश गुण, म्हणजे तीन दशांश नुसत्या काडतुसामुळे गेले.

पण हे कुठे दिसतं? समजा स्टँडिंगमध्ये तुमचा स्वतःचा पसारा ३५ मिलिमीटर आहे. २० मिलिमीटरचा ग्रुप देणारं सरावाचं काडतूस वापरलं तर एकूण ४०च्या आसपास. १४ मिलिमीटरवालं महाग काडतूस घातलं तर ३८. (पसारे सरळ बेरजेने वाढत नाहीत. दोघांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढायचं.) दोन मिलिमीटरसाठी तिप्पट पैसे! प्रोनमध्ये हातचा पसारा १५ असेल, तर तेच आकडे २५ आणि साडेवीस. तिथे फरक वसूल होतो. म्हणून स्टँडिंगचा सगळा सराव स्वस्तात, आणि मॅचचे डबे प्रोन, नीलिंग आणि स्पर्धेपुरते. सरावात सरसकट टेनेक्स झाडणं ही चैन आहे, शिस्त नाही.

कोणतं काडतूस 'चांगलं' हे डब्यावर नाही, तुमच्या बॅरलवर ठरतं. एकाच मॉडेलच्या दोन रायफलींना वेगवेगळे लॉट (एका खेपेत बनलेला, एकाच नंबरचा माल) मानवतात. चाचणीला बॅरल साफ करा, रायफल रेस्टवर पक्की धरा, वारा पडलेला असताना बसा. नव्या काडतुसाचे आधी १५ ते २० राउंड नुसते जाऊ द्या, कारण गोळीवरचं मेण प्रत्येक कंपनीचं वेगळं आणि बॅरलमधला जुना थर गेल्याशिवाय ग्रुप बसत नाही. मग दहा-दहाचे निदान चार ग्रुप. पाच राउंडच्या ग्रुपवर निर्णय घेऊ नका, तो खुशामत करतो. बाहेरच्या कडांमधलं जास्तीत जास्त अंतर मोजा, त्यातून ५.६ वजा करा. दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं आणि गोळीची कड लागली तरी दहा, त्यामुळे नीट मध्यावर बसलेला १६ मिलिमीटरपर्यंतचा ग्रुप कागदावर पूर्ण दहा देऊ शकतो. सर्वांत लहान ग्रुपपेक्षा सर्वांत वाईट ग्रुप बघून लॉट निवडा.

मेणाच्या याच कारणाने सराव आणि मॅचचं काडतूस शक्यतो एकाच घराण्यातलं ठेवा. एसके आणि लापुआची पॉइंट टू टू जर्मनीत शोनेबेकच्या एकाच कारखान्यात बनते, तिथे अदलाबदल सौम्य जाते. दुसरीकडून एलीवर उडी मारली की झीरो (सायटची बसवलेली जुळणी) हलतो आणि पहिले राउंड भटकतात. स्पर्धेच्या सायटिंग शॉट्समध्ये (गुण धरायच्या आधीच्या चाचणी शॉट्समध्ये) हा खेळ नको.

पुण्यातल्या हवेचं म्हणाल तर पावसाळ्यापेक्षा उन्हाळा वाईट. एप्रिलमध्ये बंद गाडीत ठेवलेल्या डब्यातलं मेण मऊ होऊन एका बाजूला उतरतं आणि तो लॉट पहिल्यासारखा वागत नाही. उघडा डबा रेंजवरच्या धुळीत ठेवला तर मेणाला धुळीचे कण चिकटतात, ते थेट बॅरलमध्ये जातात. झाकणाचा डबा, आत सिलिका जेल, गोळ्यांना बोट न लावणं, एवढं पुरतं. पावसाळ्यात काडतुसापेक्षा बोल्ट आणि बॅरलच्या गंजाकडे लक्ष द्या. चेंबरच्या पुढे कार्बनचं कडं धरतं, ते दर दोन-तीनशे राउंडला काढलं नाही तर महागडा लॉटही ग्रुप मोकळा सोडतो आणि दोष काडतुसावर जातो.

राउंड उडाला नाही तर नळी टार्गेटकडेच ठेवून ३० सेकंद थांबा, मग काढा. रिममधलं प्रायमर सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं, म्हणून काडतूस फिरवून पुन्हा एकदा चालतं. तरी गेलं नाही तर रेंजच्या डब्यात. पण ओळीने दोन-तीन गेले नाहीत तर लॉटला नावं ठेवण्याआधी फायरिंग पिनचा ठसा बघा. उथळ दिसला तर बोल्टमधली स्प्रिंग थकलीय किंवा जुनं ग्रीस घट्ट झालंय.

खरेदीला एकच अडचण, पण मोठी: माल आयातीवर. आज बसलेला लॉट पुढच्या खेपेला नसतो. म्हणून चाचणीसाठी आधी एकेक डबा घ्या, लॉट ठरला की लायसन्सवर एका वेळी जेवढी मर्यादा लिहिली आहे तेवढी त्याच नंबरची उचला. थ्री पोझिशनला ६० राउंड आणि वर सायटिंग, म्हणजे एका स्पर्धेला ५०चे दोन डबे सहज जातात. हंगामातल्या स्पर्धा मोजा, त्याच्या दुप्पट मॅचचे डबे बाजूला काढा आणि त्यावर लॉट नंबर मार्करने मोठा लिहा. वर्षाच्या मर्यादेतला उरलेला आकडा सरावाच्या काडतुसांना.