जन्मतारीख दुरुस्तीच्या नावाखाली वडिलांची पेन्शन कायमची कमी झाली

माझे वडील डिचोली तालुक्यातल्या एका खाणीवर कामाला होते. नव्वदच्या दशकात लागले आणि मार्च २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे गोव्यातल्या खाणी थांबल्या तेव्हा घरी बसले. त्यांचा जन्म १९६६ चा. पीएफच्या नोंदीत मात्र १९६९ पडलं होतं. कामाला लागताना कुणीतरी हाताने भरलेल्या फॉर्मवर सहाचा नऊ झाला असणार. पगारातून दर महिन्याला पैसे कापले जात होते, पण तारखेकडे बघायचं कारण इतक्या वर्षांत कुणालाच पडलं नाही.

कारण पडलं ते २०२४ मध्ये. ईपीएस ९५ म्हणजे पीएफसोबतची कर्मचारी पेन्शन योजना, तिची पूर्ण पेन्शन ५८ व्या वर्षी सुरू होते. वडिलांना ५८ पूर्ण झाली होती, पण रेकॉर्डप्रमाणे ते ५५ चेच. म्हणजे हक्काची पेन्शन २०२७ पर्यंत लांबली. खाण बंद झाल्यापासून वॉचमनची रात्रपाळी करणाऱ्या माणसाला तीन वर्षं थांबायला सांगणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात असं कुणी आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

त्यांच्याबरोबर काम केलेल्या एकाने एका एजंटचं नाव सुचवलं. म्हापशात झेरॉक्सच्या दुकानात बसायचा, पीएफची कामं करून देतो म्हणायचा. वडील गेले तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, ‘कंपनी चालू आहे का?’ वडील म्हणाले, ‘ऑफिससुद्धा राहिलं नाही.’ यावर त्याने मान हलवली. तारीख बदलायला मालकाची सही लागते, मालकच नसेल तर काम आत ओळख असल्याशिवाय होत नाही, असं त्याने सांगितलं. १२,००० रुपये ठरले. ५,००० आधी, उरलेले काम झाल्यावर. वडील घाबरलेले दिसल्यावर म्हणाला, ‘काका, भिवपाचें कांयच ना, हांव आसां.’

सही लागते हे खरं आहे. सदस्य आणि मालक दोघांनी मिळून जॉइंट डिक्लरेशन द्यायचं, अशीच पद्धत आहे. पण कंपनी बंद असेल तर काय करायचं हेही नियमात लिहिलेलं आहे. राजपत्रित अधिकारी, नोटरी, पोस्टमास्तर, बँक मॅनेजर, सरपंच, आमदार, खासदार यांच्यापैकी कुणीही तो फॉर्म सही-शिक्क्यानिशी साक्षांकित करू शकतो. आमच्या घरापासून सरपंचांचं घर हाकेच्या अंतरावर आहे. गोव्यात खाणकामगारांच्या कितीतरी कंपन्या आज कागदावरच उरल्या आहेत, आणि हा माणूस नेमका तेवढ्याच एका अडचणीवर पैसे काढतो. म्हणून हे आधी लिहिलं.

मग कागद मागवले. आधार, पॅन, बँकेचं पासबुक, रद्द केलेला चेक, यूएएनचा (पीएफच्या कायमच्या सदस्य क्रमांकाचा) पासवर्ड आणि आईवडिलांचा एकत्र काढलेला फोटो. आई नऊवारी नेसून साखळी गावातल्या स्टुडिओत गेली होती. तो फोटो मी आता पुन्हा पुन्हा बघतो. जन्मतारीख दुरुस्त करायला नवरा-बायकोचा एकत्र फोटो कशाला लागेल? तो लागतो पेन्शनच्या अर्जाला, फॉर्म १०-डीला. रद्द केलेला चेकही पेन्शन कुठे जमा करायची त्यासाठीच. आणि तारखेचा भक्कम पुरावा, म्हणजे जन्माचा दाखला किंवा शाळेचा दाखला, त्याने मागितलाच नाही. ‘आधारवर १९६६ आहे, पुरे झालं,’ म्हणाला. जानेवारी २०२४ पासून ईपीएफओ, म्हणजे पीएफ सांभाळणारी सरकारी संस्था, जन्मतारखेचा पुरावा म्हणून आधार धरतच नाही. हे त्याला माहीत नसेल असं मी मानत नाही.

एका संध्याकाळी त्याचा फोन आला, मोबाईलवर नंबर येईल तो वाचून दाखवा. वडिलांनी वाचला. थोड्या वेळाने आणखी एक आला, तोही वाचला. ते मेसेज अजून फोनमध्ये आहेत. आधारचे ओटीपी आहेत, आणि कुणाला सांगू नका असं त्यातच लिहिलंय, पण इंग्रजीत. वडील चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेले.

दोन-तीन महिन्यांत पेन्शन जमा झाली. घरात केवढा आनंद! आईने देवाला नारळ ठेवला. एजंटने फोन करून अभिनंदन केलं आणि ‘तारीख झाली म्हणूनच पेन्शन लागली’ असं सांगून उरलेले ७,००० गुगल पेवर मागवले. ज्या खात्यात पैसे गेले ते त्याच्या नावाचं नव्हतं, कुणा बाईचं होतं. रक्कम जरा कमी वाटते असं वडील एकदा म्हणाले, पण ईपीएसची पेन्शन कमीच असते हे सगळ्यांना ठाऊक असल्याने विषय तिथेच थांबला.

पुढे हयातीचा दाखला ऑनलाइन द्यायची वेळ आली. त्यासाठी पीपीओ नंबर (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा क्रमांक) हवा होता म्हणून मी पेन्शनची माहिती उघडली. जन्मवर्ष १९६९. बदललेलंच नव्हतं. आणि पेन्शनचा प्रकार पाहिला तर वेळेआधी घेतलेली, कपात केलेली पेन्शन.

त्याने काय केलं होतं ते पणजीला पाटोवरच्या पीएफ कार्यालयात गेल्यावर उलगडलं. ५० वर्षं झालेल्या आणि नोकरी सुटलेल्या सदस्याला ५८ च्या आधी पेन्शन घेता येते, मात्र ५८ ला जितकी वर्षं कमी, त्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कापले जातात, आणि ही कपात आयुष्यभर राहते. एजंटने तारखेला हातच लावला नव्हता. रेकॉर्डवर ५५ होते, ते तसेच ठेवून वडिलांच्या ओटीपीवर वेळेआधीच्या पेन्शनचा अर्ज भरला होता. ज्यांना पूर्ण पेन्शन मिळायला हवी होती त्यांनी जणू स्वतःहून कमी पेन्शन मागितली, असं आज कागद सांगतात. तीन वर्षांची कपात बारा टक्क्यांच्या आसपास जाते. ५,००० रुपये मिळायचे असतील तर महिन्याला सहाशेच्या आसपास कमी, तेही शेवटपर्यंत. बारा हजार एकदा गेले. हे मात्र दर महिन्याला जाणार आहेत, आणि मला जास्त लागलं ते हेच.

जॉइंट डिक्लरेशनबद्दल विचारलं तर वडिलांच्या नावाने तसा अर्ज कधी आलेलाच नव्हता. समोरच्या बाईंनी शांतपणे सगळं समजावलं आणि मध्येच विचारलं, ‘यासाठी पैसे कुणाला दिले?’ कारण या दुरुस्तीला फी नाही. एक रुपयासुद्धा नाही.

पुराव्याची गोष्ट नीट सांगतो, कारण एजंट सगळ्यात जास्त गोंधळ इथेच घालतात. जन्म-मृत्यू निबंधकाचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र किंवा शाळा सोडल्याचा दाखला, सरकारी नोकरी केली असेल तर सेवा-नोंदीवरून दिलेलं प्रमाणपत्र, पॅन कार्ड, सरकारने दिलेला अधिवासाचा दाखला, हे कागद पुरावा म्हणून धरतात. यापैकी काहीच नसेल तर सिव्हिल सर्जनने तपासून दिलेलं वयाचं प्रमाणपत्र आणि सोबत प्रतिज्ञापत्र. आपल्याकडे साठच्या दशकात जन्मलेल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ‘आमच्या वेळी कुठला दाखला’ असं म्हणून सोडून देऊ नका, तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारच्या कार्यालयात जाऊन जुन्या रजिस्टरात नोंद शोधायला सांगा. वडिलांची नोंद तिथे निघाली. आजोबांचं नाव, गाव, तारीख, सगळं स्पष्ट. हा कागद इतकी वर्षं तिथेच होता.

ज्यांचा यूएएन १ ऑक्टोबर २०१७ नंतर निघाला आहे आणि आधारशी जुळलेला आहे, त्यांना जानेवारी २०२५ पासून जन्मतारीख आणि नावासारख्या दुरुस्त्या मालकाच्या मंजुरीशिवाय ऑनलाइन करता येतात. घरात तरुण मुलं नोकरीला असतील तर त्यांची नोंद आत्ताच तपासा. जुन्यांना जॉइंट डिक्लरेशनच. दर महिन्याच्या २७ तारखेला पीएफ कार्यालयाचं ‘निधी आपके निकट’ शिबिर असतं, तिथे कागद घेऊन गेलं तरी पुढचा रस्ता सांगतात. १४४७० ही पीएफची हेल्पलाइन आहे. तक्रार ईपीएफआयजीएमएस या पीएफच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर टाकली की नोंदणी क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा.

आम्ही सिव्हिल रजिस्ट्रारचा दाखला जोडून, सरपंचांच्या सहीने अर्ज दिला आहे. सोबत वडिलांच्या नावाने भरलेला १०-डी त्यांनी समजून-उमजून भरलेला नव्हता, असं लेखी निवेदन आणि मेसेजच्या प्रती दिल्या आहेत. त्यावर निर्णय अजून झालेला नाही. पोलिसांत तक्रार दिली, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवरही नोंदवली. त्या एजंटचा फोन आता लागत नाही. दुकानदार म्हणतो, तो फक्त टेबल वापरायचा.

वडील फार बोलत नाहीत. आपण वाचून दाखवलेल्या नंबरामुळे हे झालं असं त्यांना वाटतं, आणि मला त्याचाच राग येतो. चूक त्यांची नाही. ज्या माणसाला इंग्रजी येत नाही हे बघून जो इंग्रजी मेसेज वाचून घेतो, चूक त्याची आहे.

त्यांच्या ओळखीतल्या आणखी काही खाणकामगारांनी याच माणसाकडे कागद दिल्याचं आता कळतंय. तुमच्या घरात कुणी तारीख दुरुस्तीसाठी एजंटला एकत्र फोटो आणि रद्द चेक दिला असेल, तर आजच उमंग ॲपवर किंवा पीएफच्या पोर्टलवर क्लेम स्टेटस उघडा. तिथे १०-डी दिसला आणि तो तुम्ही भरलेला नसेल, तर मंजूर व्हायची वाट न बघता त्याच दिवशी पणजीच्या कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या. पासवर्ड बदला, आणि यूएएनला जोडलेला मोबाईल नंबर तुमचाच आहे ना तेही बघून घ्या.