स्नफल मॅट: बीगल असलेल्या घरी घ्यावी का?

दहा-अकरा किलोचा, गोड डोळ्यांचा, फ्लॅटमध्ये सहज मावेल असा कुत्रा म्हणून लोक बीगल आणतात. पण ही जात इंग्लंडमध्ये सशांच्या मागावर कळपानं सोडण्यासाठी घडवली गेली. त्यामुळे वास लागला की हाक ऐकू येत नाही, आणि एकटं ठेवलं की तो लांब सूर लावून सगळी बिल्डिंग गोळा करतो. शिवाय खादाड. नाकाला काम नसेल तर कचऱ्याचा डबा, पाहुण्यांच्या पिशव्या, चपलांचं कपाट हे सगळं तो आपणहून तपासतो.

स्नफल मॅट त्याच नाकाला कामाला जुंपते. फ्लीसच्या (मऊ, लोकरीसारख्या कापडाच्या) दाट पट्ट्यांत कोरडं खाणं लपवायचं, त्यानं हुंगून काढायचं. बाजारात दोन प्रकार दिसतात. कापडी तळावर पट्ट्या शिवलेली मॅट स्वस्त पडते, पण बीगलपुढे तिचा निभाव लागत नाही. तो दातांनी पट्टी ओढतो, शिवण उसवते आणि तुकडा पोटात जातो. गिळलेलं कापड आतड्यात अडकलं तर थेट ऑपरेशन. भोकांच्या रबरी जाळीत प्रत्येक पट्टी गाठ मारून ओवलेली मॅटच घ्यावी. घेताना दोन-चार पट्ट्या जोरात ओढून बघा, मग पट्ट्या बाजूला सारा. जाळी लगेच दिसली तर विणकाम विरळ आहे. कोरड्या खाण्याचे दाणे थेट तळाशी जातात आणि हा बहाद्दर दोन मिनिटांत मॅट साफ करतो.

सुरुवातीला मूठभर दाणे वरवर पसरा. खेळ समजला की खोल दडवा. हे दाणे रोजच्या मापातूनच वजा करायचे, वरून द्यायचे नाहीत. बीगलचं वजन चटकन वाढतं आणि जादा वजन पाठीच्या मणक्यांना भोवतं. बरगड्या हाताला लागत नसतील तर माप कमी करा. बेदाणे, मनुका चुकूनही नकोत, कुत्र्यांना त्या विषारी असतात.

हुशार बीगल हुंगायचे कष्ट घेत नाही, कोपरा तोंडात धरून मॅट उलटी करतो. त्यावर उपाय म्हणजे मॅट जड लाकडी फळीला बांधणं. घरात दोन कुत्री असतील तर दोन मॅट, दोन खोल्या. आणि गुरगुरत असेल तर मॅट हिसकावू नका, दुसरा खाऊ दाखवून त्याला लांब बोलवा आणि मग उचला.

दही, शिजवलेलं चिकन असलं ओलं काही मॅटमध्ये घालायचं नाही. दोन दिवसांत आंबूस वास आणि मुंग्या. धुण्याआधी उलटी करून झटका, जाळीच्या पिशवीत घालून वॉशिंग मशीनमध्ये गार पाण्यात हलक्या सायकलवर धुवा. सुगंधी कंडिशनर टाळा, आपल्याला मंद वाटणारा वास त्याच्या नाकाला फार होतो. पावसाळ्यात खरी अडचण येते: पट्ट्या वरून सुकतात, गाठी आत ओल्याच राहतात. ओली मॅट वापरू नका. लोंबते कान तिच्यावर घासतात, आणि या कानांत आधीच हवा कमी खेळते. आठवड्यातून एकदा कानाची पाळी उचलून बघा. तपकिरी मळ, आंबट वास किंवा सारखं डोकं झटकणं दिसलं तर डॉक्टरांकडे न्या, कापसाची बड कानात घालू नका.

हजाराच्या आसपास किंमत असेल तर गाठींची मॅट पैसे वसूल करते, विशेषतः मुसळधार पावसात फिरणं आखडतं तेव्हा. फिरण्याला मात्र ती पर्याय नाही. रोज तासभर, गळ्यातला पट्टा धरूनच, आणि हुंगायला थांबू देत फिरवणं हवंच. मॅट समोर टाकून घराबाहेर निघून जाणंही नको. दाणे संपले की लगेच उचला, कारण रिकामी मॅट त्याच्या लेखी चघळायची वस्तू असते. दात येत असलेल्या पिल्लाला तर इतक्यात घेऊच नका. तोवर पुठ्ठ्याच्या खोक्यात कागदाचे बोळे आणि त्यात दाणे टाका. फाडला तरी तुमच्यासमोर फाडेल, आणि खर्च शून्य.