पाल की एनटीएससी? जुन्या रंगीत टीव्हीचं चित्र

पाल (PAL) आणि एनटीएससी (NTSC) या रंगीत टीव्हीचं चित्र पाठवायच्या दोन जुन्या, अ‍ॅनालॉग पद्धती. भारतात 1982 साली रंगीत प्रसारण आलं ते पाल पद्धतीचं: 625 रेषा, सेकंदाला 25 चित्रं. अमेरिकेच्या एनटीएससीत 525 रेषा, जवळपास 30 चित्रं. म्हणजे पालचं चित्र बारीक, पण प्रत्येक चित्र दोन भागांत, म्हणजे सेकंदाला 50 वेळा (50 हर्ट्झ) उमटत असल्याने पांढऱ्या भागात लुकलुक जास्त.

खरा फरक रंगात आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, खान्देशात यावल-रावेरकडे डोंगरावर आपटून आलेला सिग्नल रंगाची फेज (रंगलहरीची वेळ, जिच्यावरून छटा ठरते) सरकवायचा. एनटीएससीत त्यामुळे चेहरा हिरवट किंवा जांभळट होतो, टिंटचं (छटेचं) बटण फिरवत बसावं लागतं. पालमध्ये रंगाचा एक घटक दर ओळीला उलटतो. सेटमधली डिले लाइन (सिग्नल उशिरा सोडणारा भाग) आधीची ओळ सुमारे 64 मायक्रोसेकंद थोपवून दोन्हींची सरासरी काढते. चूक उरते ती फक्त रंग किंचित फिका होण्यापुरती. भूत-प्रतिमा (मूळ चित्राशेजारी दिसणारी फिकट दुसरी प्रत) मात्र पालही घालवत नाही. त्यासाठी छतावरचा आडव्या दांड्यांचा यागी अँटेनाच नीट फिरवावा लागे. डिले लाइनचं सेटिंग बिघडलं तर रंगात आडव्या पट्ट्या दिसतात.

एनटीएससी कॅसेट नुसत्या पाल सेटवर लावली तर चित्र वर-खाली पळतं. व्हर्टिकल होल्डच्या बटणाने ते थांबतं, हाइटच्या बटणाने उंची भरते, पण 3.58 मेगाहर्ट्झचा (एनटीएससीच्या रंगलहरीचा) क्रिस्टल आणि तसा डिकोडर (रंग उलगडणारा भाग) नसेल तर रंग येणार नाही. आमच्या मते खान्देशात पालच सरस होती.