७८ टक्के, पण कितीपैकी?

माझा मॉड्युलर किचनचा धंदा आहे. वर्कशॉप ठाण्यात वागळे इस्टेटला, छोटं दुकान नौपाड्यात. बावीस वर्षांत जाहिरात म्हणजे काय, तर दुकानावरचा बोर्ड, गणपती मंडळाच्या स्मरणिकेत पाव पान आणि जुन्या गिऱ्हाइकांचं तोंड. तेवढ्यावर चालत होतं. मग घोडबंदर रोडला एकेक टॉवर उठायला लागला, तिथली गिऱ्हाइकं मोठ्या ब्रँडच्या शोरूममध्ये जायला लागली आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला.

त्याच सुमारास, ऑगस्टमध्ये, एका मराठी मासिकाचा जाहिरात प्रतिनिधी दुकानात आला. घर, सजावट, पाककृती असा मजकूर असणारं मासिक. नाव लिहीत नाही, कारण त्यांच्याशी हिशेब अजून मिटलेला नाही. पोरगा नम्र, शर्ट इस्त्रीचा, "सर, चहा नको, पाणी चालेल" म्हणणारा. त्यानं गुळगुळीत कागदावरचं मीडिया किट, म्हणजे जाहिरातदारांना दाखवायचं मासिकाचं माहितीपत्रक, उघडलं. आत सगळी वर्तुळं आणि रंगीत खांब. खप २०,००० प्रती. प्रत्येक प्रत सरासरी साडेचार जण वाचतात, म्हणजे ९०,००० वाचक. ७८ टक्के वाचकांचं स्वतःचं घर. कुटुंबाचं सरासरी वार्षिक उत्पन्न २१ लाख. आणि शेवटच्या पानावर जाड अक्षरांत: ६४ टक्के वाचक येत्या वर्षात घराचं नूतनीकरण करणार. खाली बारीक अक्षरांत ‘स्रोत : वर्गणीदार सर्वेक्षण’.

आता माझी अक्कल बघा. तो निघून गेल्यावर मी कॅल्क्युलेटर काढला. ९०,००० चे ६४ टक्के म्हणजे ५७,६००. त्यातला हजारात एक जरी माझ्याकडे आला, तरी ५७ किचन! हा गुणाकार त्यानं केला नव्हता, मी केला. त्यानं फक्त आकडे टेबलावर ठेवले होते.

सहा अंकांत अर्धं पान आणि दिवाळी अंकात पूर्ण रंगीत पान, असा सौदा ठरला. १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून मराठी घरात दिवाळी अंकाला मान आहे, तो वर्षभर टीपॉयवर राहतो, हे त्याचं बोलणं मला पटलं. २ लाख ४० हजार, वर ५ टक्के जीएसटी, एकूण २ लाख ५२ हजार. निम्मे रिलीज ऑर्डरवर, म्हणजे जाहिरात छापायच्या करारावर, सही करताना, उरलेले ६३-६३ हजारांच्या दोन हप्त्यांत.

शहाणपणाची एकच गोष्ट केली. जाहिरातीत दुकानाचा नंबर न देता कपाटात पडलेल्या जुन्या सिमचा नंबर दिला. त्यामुळे कुठला फोन मासिकामुळे आला ते चोख कळलं. सहा महिन्यांत ११ फोन. त्यातले तीन दुसऱ्या मासिकांचे, "सर, तुमची जाहिरात पाहिली, आमच्याकडेही द्या" म्हणणारे. दोन सुतारकाम मागणाऱ्या मुलांचे. लातूरच्या एका बाईंना ट्रॉली हवी होती, पण "इकडे येऊन बसवाल का?" असं विचारत होत्या. एका आजोबांना पाककृतीत किती मीठ घालायचं ते विचारायचं होतं, त्यांना वाटलं हा मासिकाचा नंबर. चार जणांनी भाव विचारला आणि ठेवून दिला. ऑर्डर शून्य.

प्रतिनिधीला फोन केला तर म्हणाला, "सर, ब्रँडिंगला वेळ लागतो." हे वाक्य ऐकलं की खिसा सांभाळावा.

पाडव्याला ऐरोलीला दादाकडे जेवायला गेलो. त्याच्या टीपॉयवर तेच मासिक. वहिनी बरीच वर्षं वर्गणीदार आहेत, हे मला माहीतच नव्हतं. मी रडगाणं गायलो तसं त्या हसायलाच लागल्या. "अहो भाऊजी, तो सर्वेक्षणाचा फॉर्म मी पण भरलाय की! किचन मेकओव्हरचं १ लाखाचं व्हाउचर होतं लकी ड्रॉमध्ये."

म्हणजे बघा. बक्षीस किचनच्या मेकओव्हरचं. ज्याला किचन बदलायची हौस, तोच फॉर्म भरणार. आणि मग छापायचं की ६४ टक्के लोक नूतनीकरण करणार! नळाच्या रांगेत उभं राहून किती जणांना पाणी हवंय ते मोजण्यातला प्रकार.

उत्पन्न किती लिहिलंत, विचारलं. "खरं सांगू? जरा वाढवूनच लिहिलं. कमी लिहिलं तर बक्षीस देणार नाहीत असं वाटलं." दादा ताटावरून मान वर करून म्हणाला, "किती लिहिलंस?" त्यावर वहिनींनी पुरणपोळी वाढायला घेतली. घरात अंक कोण कोण वाचतं? वहिनी, आणि त्यांच्यानंतर समोरच्या काकू. दादा फक्त राशिभविष्य बघतो. साडेचार जण कुठून आणले देव जाणे.

वहिनी रद्दी दोन-दोन वर्षं साठवतात, तिथे मला माझा पुरावा सापडला. फॉर्मवर प्रश्न होता: ‘येत्या काळात घरात काही बदल करायला आवडेल का?’ आवडेल का! मला पण आवडेल, हिरानंदानीत चार बेडरूमचा फ्लॅट घ्यायला. त्याचं मीडिया किटमध्ये ‘येत्या वर्षात नूतनीकरण करणार’ झालं. आणि दोन अंकांनंतर विजेत्यांच्या नावांखाली चौकट होती: ‘सर्वेक्षणात सहभागी झालेल्या ३१२ वाचकांचे आभार.’

२०,००० प्रती त्यांच्याच म्हणण्यानुसार, आणि उत्तरं ३१२. शंभरात दोनसुद्धा नाहीत. उरलेले अठ्ठ्याण्णव काय करतात, कुठे राहतात, भाड्यानं की स्वतःच्या घरात, कोणाला ठाऊक नाही. पण टक्केवारी मात्र सगळ्यांच्या नावावर.

नंतर या विषयावर थोडं वाचलं. १९३६ साली अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ नावाच्या साप्ताहिकानं अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालानं पाठवल्या. नावं घेतली ती टेलिफोनच्या यादीतून, मोटारींच्या नोंदणीतून, म्हणजे मंदीतही ज्यांचं बरं चाललं होतं त्यांची. साधारण २३ लाख परत आल्या. निष्कर्ष काढला, रूझवेल्ट यांच्याविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं घेऊन निवडून आले आणि १९३८ मध्ये ते साप्ताहिकच बंद पडलं. २३ लाख उत्तरं असून ही गत, कारण कोणाला विचारलं आणि कोणी उत्तर दिलं, दोन्हीकडे झुकतं माप. मी ३१२ वर अडीच लाख लावले होते.

सरासरी उत्पन्नाचा घोळ मी माझ्या कारागिरांना समजावून सांगतो तो असा. वर्कशॉपमध्ये सहा सुतार, प्रत्येकी महिना २५ हजार. एक बिल्डर, महिना १० लाख कमावणारा, चहाला येऊन बसला. सात जणांची सरासरी झाली १ लाख ६४ हजार. सुतारांच्या खिशात एक रुपया वाढला नाही. सगळ्यांना कमाईप्रमाणे ओळीत उभं करून मधल्याला विचारलं, तर तो अजूनही २५ हजारच सांगेल. मीडिया किटमध्ये हा मधला माणूस कधी नसतो.

मग मी मासिकाच्या कचेरीत जाऊन बसलो. एबीसीचं प्रमाणपत्र मागितलं. ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था १९४८ पासून आपल्याकडे दर सहामाहीचा खप तपासते. "प्रक्रियेत आहे, सर." सभासद होणं ऐच्छिक असतं, त्यामुळे प्रमाणपत्र नाही म्हणजे चोरच, असं मी म्हणणार नाही. पण मग छापखान्याचं बिल दाखवा, टपालाच्या पावत्या दाखवा, परत आलेल्या प्रतींचा आकडा द्या. तो "गोपनीय". बऱ्याच हुज्जतीनंतर एक आकडा मिळाला: ३१२ पैकी ठाणे-नवी मुंबईचे ४७. त्यांचे ६४ टक्के धरले तर तीस माणसं. त्यातली एक आमची वहिनी, जिला किचन करायचं नाही, व्हाउचर हवं होतं. हे ४७ जण चिठ्ठ्या टाकून निवडले असते, तरी एवढ्याशा आकड्यात १४ टक्के इकडेतिकडे होऊ शकतात. इथे तर निवड बक्षिसानं केली होती.

ओळखीच्या वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, ग्राहक आयोगात जायचं तर २०१९ च्या कायद्यात व्यापारी हेतूनं घेतलेली सेवा बसत नाही. पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला सवलत आहे, पण दुकान, वर्कशॉप, पगारी माणसं म्हटल्यावर ते सिद्ध करणं अवघड. उरतो दिवाणी दावा. आणि रिलीज ऑर्डरच्या मागे, मी न वाचलेल्या बारीक अक्षरांत, ‘वाचकांविषयीची माहिती अंदाजे आहे, प्रतिसादाची हमी नाही’ असं लिहिलेलं. खाली माझी सही, दुकानाचा शिक्का. शेवटच्या ६३ हजारांचा चेक अजून दिला नव्हता, तो मी अडवून धरलाय. गेले ते १ लाख ८९ हजार. त्यातलं जीएसटीचं क्रेडिट मिळालं, तेवढंच हाताशी.

सही करण्याआधी एक काम दहा मिनिटांत झालं असतं, ते मी पैसे गेल्यावर केलं. वहिनींच्या रद्दीतले दोन वर्षांचे अंक समोर ठेवून जाहिरातदार पाहिले. जवळजवळ कोणीच दुसऱ्या वर्षी दिसत नव्हता. त्यातल्या तिघांना फोन केला. कल्याणच्या पडदेवाल्यानं "तुम्हाला पण ५७ हजार सांगितले का?" असंच विचारलं. नाही हो, म्हटलं, ते मीच काढले. तो म्हणाला, "मी पण."

जाहिरातदार म्हणून अंक मला अजून फुकट येतो, म्हणजे त्यांच्या यादीत बहुतेक मीही वर्गणीदार झालोय. गेल्या महिन्यात आत यंदाच्या सर्वेक्षणाचा फॉर्म होता. बक्षीस या वेळी सोफासेटचं. फॉर्म काउंटरवर पडला होता, मिस्त्रीनं त्याच्या कोऱ्या बाजूवर कोलशेतच्या एका किचनची मापं लिहून घेतली. ते गिऱ्हाईक जुन्या गिऱ्हाइकाकडून आलंय.