जुन्या बॉक्स्टरला नव्या ९११चा चेहरा: पुण्यातील एका गॅरेजने केलेल्या फसवणुकीचा अनुभव

पॉर्शे बॉक्स्टरच्या पहिल्या पिढीच्या गाडीला, म्हणजे ९८६ला, त्याच कंपनीच्या महागड्या ९११ या गाडीच्या ९९६ मालिकेतील नंतरच्या वर्षांचा पुढचा भाग बसवता येतो, ही गोष्ट खरी आहे, आणि माझ्या फसवणुकीचा सगळा पाया याच खऱ्या गोष्टीवर रचला गेला. गॅरेजवाल्याने मला सांगितलेले जवळजवळ प्रत्येक वाक्य कोणत्या ना कोणत्या गाडीच्या बाबतीत बरोबर होते. त्याने माझ्या गाडीला जे बसवले त्याच्या बाबतीत मात्र त्यातील एकही बरोबर नव्हते. पुण्यात अशा जुन्या स्पोर्ट्‌स गाड्या बाळगणारे लोक मोजकेच आहेत आणि असे काम करून देतो म्हणणारे त्याहूनही मोजके आहेत, म्हणून हा अनुभव तपशिलाने लिहीत आहे.

प्रथम गाडीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला पॉर्शे कंपनी मोठ्या आर्थिक अडचणीत होती आणि खर्च वाचवण्यासाठी तिने दोन नव्या गाड्या एकमेकींचे भाग वापरतील अशा रीतीने तयार केल्या. १९९६ साली बाजारात आलेली बॉक्स्टर आणि तिच्या पाठोपाठ १९९७ साली आलेली ९९६ या दोघींचे दरवाजे, बॉनेट, पुढचे फेंडर आणि हेडलाइट सारखेच होते. हेडलाइटच्या काचेतच खालच्या कडेला नारिंगी इंडिकेटर असल्यामुळे त्या दिव्याला परदेशात ‘तळलेले अंडे’ असे नाव पडले. दुपटीच्या आसपास पैसे मोजून घेतलेल्या ९११चे तोंड स्वस्त बॉक्स्टरसारखे दिसते, ही तक्रार ९११च्या ग्राहकांनी बराच काळ केली. पुढे ९९६ टर्बोला वेगळ्या आकाराचे हेडलाइट मिळाले आणि २००२च्या मॉडेलपासून कॅरेराला, म्हणजे साध्या ९११ला, ते दिले गेले. बॉक्स्टरला मात्र २००४पर्यंत, म्हणजे ९८६चे उत्पादन संपेपर्यंत, जुन्याच आकारावर राहावे लागले. हौशी मालकांना खुणावतो तो हाच फरक. नव्या हेडलाइटची बाह्यरेषा वेगळी असल्यामुळे तो जुन्या फेंडरच्या खाचेत बसत नाही. म्हणून दोन्ही फेंडर बदलावे लागतात, त्यांच्याबरोबर बंपर बदलावा लागतो, चाकाच्या कमानीतील प्लास्टिकचे अस्तर आणि हवेचे डक्टही बदलावे लागतात. बॉनेट तेवढे जुनेच राहते.

माझी गाडी २००१च्या मॉडेलची, उजव्या हाताला स्टिअरिंग असलेली आणि हॅलोजन दिव्यांची. शहराच्या पश्चिमेकडील एका उपनगरातील गॅरेजचे नाव मला दुसऱ्या एका जुन्या गाडीच्या मालकाकडून कळले. गॅरेजचा चालक बोलायला नम्र आणि जाणकार होता. ‘साहेब, तुमचं बॉनेट आपण हातही लावणार नाही, ते तसंच बसतं,’ हे त्याने मी विचारण्याआधी सांगितले, आणि ते खरे असल्यामुळे पुढच्या गोष्टींनाही वजन आले. ब्रिटनमध्ये मागून धडक बसलेल्या २००३च्या कॅरेराचा पूर्ण नोज कट, म्हणजे कापून वेगळा केलेला पुढचा भाग, मुंबईपर्यंत आलेला आहे, त्यातून फेंडर, बंपर, हेडलाइट, लायनर, डक्ट हे सगळे एकाच गाडीचे आणि मूळ कंपनीचे मिळेल, असे त्याने सांगितले. त्याने ब्रिटनचे नाव घेण्याचे कारण मला नंतर लक्षात आले: आपल्यासारखीच तिथेही वाहतूक डाव्या बाजूने चालते, आणि ही गोष्ट जाणणाऱ्या ग्राहकाचा पहिला प्रश्न तिथेच संपतो. रंगकामासह साडेचार लाखांचा सौदा ठरला आणि त्यातील मोठा हिस्सा आगाऊ द्यावा लागला.

काम अपेक्षेपेक्षा बरेच लांबले. त्यात विशेष असे काही नाही. पुण्यात डेंटिंग-पेंटिंगचे कोणते काम वेळेवर झाले आहे! गाडी हातात आली तेव्हा ती गॅरेजच्या पांढऱ्या दिव्यांखाली उत्तम दिसत होती. रंग जुळला होता आणि बॉनेटच्या दोन्ही बाजूंची फटही सारखी होती.

पहिली शंका मुळशीहून परतताना आली. पौड रस्त्यावर अंधार पडल्यानंतर समोरून येणारा जवळजवळ प्रत्येक ट्रक मला डिपर मारत होता, आणि माझे दिवे तर लो बीमवरच होते. दुसऱ्या दिवशी दिव्यांची उंची तपासून घेतली, ती बरोबर होती, तरी रात्रीचा प्रकार तसाच राहिला. अखेर वेताळ टेकडीवरील एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत पूर्वी काम केलेल्या एका परिचितांना गाडी दाखवली. त्यांनी ती एका भिंतीसमोर उभी करून दिवे लावायला सांगितले. लो बीमचा प्रकाश भिंतीवर एका आडव्या रेषेखाली राहतो आणि एका बाजूला ती रेषा तिरकी वर चढते. रस्त्याच्या कडेची माणसे आणि पाट्या दिसाव्यात यासाठी ही चढण असते. डावीकडून वाहतूक चालणाऱ्या देशात ती डावीकडे असली पाहिजे. माझ्या गाडीची चढण उजवीकडे होती, म्हणजे थेट समोरच्या चालकाच्या डोळ्यांत.

त्यानंतर त्यांनी दिव्याच्या काचेवरील खुणा वाचून दाखवल्या. ही माहिती प्रत्येकाला असावी असे मला वाटते. युरोपीय नियमांनुसार बनवलेल्या हेडलाइटवर, तो केवळ डाव्या बाजूच्या वाहतुकीसाठी असेल तर, आडवा बाण कोरलेला असतो, आणि दिव्याकडे तोंड करून उभे राहिल्यास तो बाण आपल्या उजव्या हाताला रोखलेला दिसतो. दोन्ही बाजूंना टोक असलेला बाण असेल तर दिवा दोन्ही प्रकारच्या वाहतुकीसाठी बदलता येतो. बाणच नसेल तर तो उजव्या बाजूच्या वाहतुकीचा समजावा. माझ्या दिव्यांवर बाण नव्हता. तिथे डीओटी ही तीन अक्षरे होती, जी अमेरिकी बाजारासाठी केलेल्या दिव्यांवर असतात. दिवे मूळ कंपनीचेच होते, हे मुद्दाम नमूद करतो, कारण गॅरेजवाला पुढे सतत याच एका गोष्टीचा आधार घेत राहिला. ‘ओरिजिनल आहेत की नाही ते सांगा,’ असे तो प्रत्येक वेळी म्हणे. ओरिजिनल होते, पण ब्रिटनमधील गाडीचे नव्हते, आणि आपल्या रस्त्यांवर वापरण्याजोगे तर नव्हतेच.

एक गोष्ट खोटी ठरल्यावर बाकीचे पाहणे ओघाने आले. मूळ फेंडर पोलादी पत्र्याचा असतो, त्याला लोहचुंबक चिकटते. माझ्या एकाही फेंडरला ते चिकटले नाही. चाक काढून आत पाहिले तेव्हा काचतंतूंचे खरबरीत थर आणि सुकलेले रेझिन उघडे दिसत होते. म्हणजे दोन्ही फेंडर साच्यात घातलेले फायबरचे होते. बंपरचेही तेच. मूळ बंपर लवचीक प्लास्टिकचा असतो आणि त्याच्या आतल्या बाजूला भाग क्रमांक व प्लास्टिकचा प्रकार उमटवलेला असतो. या बंपरची आतली बाजू कोरी होती आणि स्क्रूच्या छिद्रांभोवती रंगाला बारीक तडे जायला सुरुवात झाली होती. पॉर्शेच्या त्या काळातील भाग क्रमांकाचे पहिले तीन अंक गाडीची मालिका सांगतात, त्यामुळे कॅरेराच्या भागावर ९९६ने सुरू होणारा क्रमांक दिसायला हवा. बॉक्स्टरबरोबर सामाईक असलेल्या भागांवर ९८६ही दिसू शकतो. कोणताच क्रमांक नसणे मात्र पुरेसे बोलके आहे.

दिसण्यापुरता हा प्रश्न असता तर मी कदाचित फक्त पैशांचा वाद घातला असता. परंतु बॉक्स्टरचे इंजिन सीटांच्या मागे असले तरी तिचे रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत, चाकांच्या पुढे असतात, आणि त्यांच्याही पुढे एसीचे कंडेन्सर असतात. बंपरच्या तोंडातून शिरलेली हवा इकडेतिकडे न पसरता रेडिएटरमधूनच जावी यासाठी मध्ये प्लास्टिकचे डक्ट लागतात. माझ्या गाडीत जुने डक्ट काढून टाकलेले होते आणि नवे बसवलेलेच नव्हते. फायबरच्या बंपरची एका बाजूची जाळी तर मागून बंद होती, केवळ शोभेची. चांदणी चौकाच्या कोंडीत एसी लावून उभे राहिले की तापमानाचा काटा वर सरकू लागे. गॅरेजवाल्याने याचे खापर माझ्या जुन्या वॉटर पंपावर फोडले आणि तो बदलण्यासाठी वेगळा अंदाजखर्चही पाठवला! पंप चांगला होता; दुसऱ्या मेकॅनिकने तपासून तसे लिहून दिले. यापेक्षा गंभीर बाब अशी की बंपरच्या मागील धातूचा आडवा दांडा, जो धडकेचा पहिला मार घेतो, तोही जागेवर नव्हता. फायबरचा बंपर त्याच्यावर बसत नव्हता म्हणून तो काढला गेला, असे गॅरेजमधील एका मुलाने मला खासगीत सांगितले.

आता मूळ भागांविषयी. माझे दोन्ही पोलादी फेंडर, दोन्ही हेडलाइट, बंपर, डक्ट आणि हा दांडा मी परत मागितला तेव्हा ‘जुना माल गॅरेजचा असतो, सौद्यात धरलेला आहे’ असे उत्तर मिळाले. लेखी अंदाजपत्रकात असे काहीही नव्हते. उजव्या वाहतुकीच्या दिव्यांपेक्षा आणि फायबरच्या फेंडरपेक्षा माझे काढलेले भाग अधिक किमती होते, कारण उजव्या स्टिअरिंगच्या ९८६चे सुस्थितीतील हेडलाइट भारतात शोधूनही सापडत नाहीत. माझ्या मते खरा नफा तिथेच होता आणि बाकीचे सगळे त्यासाठी रचलेले होते. पुढे जुन्या गाड्यांच्या भागांच्या एका जाहिरातीत मला माझा डावा हेडलाइट दिसला. काचेच्या खालच्या कोपऱ्यातील चरा आणि मागच्या बाजूला मीच पूर्वी लावलेली निळी चिकटपट्टी त्यात स्पष्ट होती. जाता जाता सांगतो, ते ‘तळलेले अंडे’ मला आता नव्या दिव्यांपेक्षा देखणे वाटते.

कागदपत्रांची स्थिती अशी होती. अंदाजपत्रक छापील होते, त्यावर २७ने सुरू होणारा, म्हणजे महाराष्ट्राचा, पंधरा अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक होता. जीएसटीच्या संकेतस्थळावर लॉगिन न करताही असा क्रमांक तपासता येतो. मी तो तपासला तेव्हा तो भलत्याच व्यवसायाच्या नावावर नोंदलेला आणि रद्द झालेला निघाला. आगाऊ रक्कम यूपीआयने ज्या खात्यात घेतली ते गॅरेजचे नव्हते, एका व्यक्तीचे होते. उरलेली रक्कम दिल्यावर पक्के बिल देण्याचे ठरले होते, प्रत्यक्षात वहीच्या पानावरचे कच्चे बिल मिळाले आणि त्यावर ‘फ्रंट काम’ इतकेच लिहिलेले होते. याशिवाय ‘आरटीओची परवानगी’ म्हणून वेगळे पैसे घेतले होते, त्याची कोणतीही सरकारी पावती आजवर मिळालेली नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ने वाहनात करता येणाऱ्या फेरफारांवर मर्यादा घातल्या आहेत, आणि २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार नियमबाह्य फेरफाराबद्दल मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. शिक्षा मालकाला आहे, हे पाहता परवानगीच्या नावाने पैसे घेऊन पावती न देणारा माणूस काय करत असतो हे वेगळे सांगायला नको. असा बदल विमा कंपनीलाही आधी लेखी कळवावा लागतो. मी तसे पत्र दिलेले होते, म्हणून निदान ती बाजू सुरक्षित राहिली.

गाडी दुसरीकडे उघडण्यापूर्वी मी प्रत्येक भागाची छायाचित्रे, चुंबकाचा आणि भिंतीवरील प्रकाशाचा व्हिडिओ, तसेच दुसऱ्या मेकॅनिकचा सहीशिक्क्याचा अहवाल तयार करून घेतला. गॅरेजवाल्याचा आग्रह होता की गाडी परत आणावी, तो ‘सगळे बदलून देईल’. बदललेले भाग एकदा त्याच्या ताब्यात गेले की पुरावाही गेला, हे वकिलांनी स्पष्ट सांगितले, म्हणून गाडी दिली नाही. नोटीस गेल्यावर त्याने रकमेचा एक भाग परत केला आणि प्रकरण मिटल्याचे लिहून मागितले. ते मी दिलेले नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करता येते आणि मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. त्यामुळे पुणे जिल्हा आयोगात तक्रार दाखल केली आहे, आणि विकलेल्या भागांबाबत पोलिसांत वेगळा अर्ज दिला आहे. तक्रार करण्यापूर्वी सल्ला हवा असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपयोगी पडतो, मराठीतही बोलता येते.

गाडी सध्या उभी आहे. पोलादी फेंडर आणि हेडलाइट ब्रिटनमधील एका विक्रेत्याकडून मागवले असून त्याने पैसे घेण्यापूर्वी भाग क्रमांकाचे आणि दिव्यावरील बाणाचे छायाचित्र न मागता पाठवले. माझा उजवा हेडलाइट, दोन्ही मूळ फेंडर आणि बंपरचा दांडा अजून कुठेतरी विक्रीला असणार. ९८६चे असे भाग पुण्यात किंवा मुंबईत कोणी देऊ करत असेल, तर ते कोणत्या गाडीवरून काढले आहेत याचे बिल विक्रेत्याकडे मागावे, आणि डाव्या हेडलाइटच्या मागे निळी चिकटपट्टी दिसल्यास तो विकत न घेता पोलिसांना कळवावे.