आठवी-नववीतलं पोर आणि इन्स्टा: बंदी, कुलूप की देखरेख?

‘अख्खा वर्ग इन्स्टावर आहे, मीच तेवढा नाही’ असा धोशा सुरू झाला की आईबाबांपुढे तीन पर्याय उरतात: साफ नाही म्हणणं, फोनला वेळेचं कुलूप लावणं, नाहीतर अकाउंट काढू देऊन त्यावर लक्ष ठेवणं. मूल तेरा वर्षांचं झालं नसेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही. इन्स्टाग्रामची स्वतःचीच अट तेरा पूर्ण असण्याची आहे.

बंदी सोपी वाटते. यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने नोव्हेंबर 2022 मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी मोबाइलबंदीचा ठराव केला. ऑस्ट्रेलियाने 10 डिसेंबर 2025 पासून सोळाच्या आतल्यांना इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट, टिकटॉकवर खातं ठेवायला मनाई केली. पण या दोन्ही बंद्या सरसकट सगळ्या मुलांसाठी आहेत. एकट्या आपल्या घरात बंदी घातली तर गृहपाठाचा निरोप शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतोच, फोन द्यावाच लागतो. आणि इन्स्टा मैत्रिणीच्या मोबाइलवर उघडलं जातं, तेही ज्याचा आपल्याला पत्ता नाही अशा अकाउंटवरून.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने 2022 मध्येच वेगळं काही केलं. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद. मला हे जास्त पटतं, कारण त्यात बापाचाही फोन बाजूला जातो.

घरापुरता असा भोंगा हवा असेल तर अँड्रॉइडवर गुगलचं फॅमिली लिंक आहे. मुलाचं गुगल खातं आपल्या खात्याला जोडलं की रोजची मर्यादा ठरवता येते, रात्री फोन कुलूपबंद होतो, नवं ॲप टाकायला आपली परवानगी लागते. एकट्या इन्स्टालाही वेळ बांधून देता येते. मुलाकडे आयफोन असेल तर हे चालत नाही, तिथे ॲपलचं स्क्रीन टाइम वापरायचं. पण या कुलपाला फक्त घड्याळ कळतं. बांधून दिलेल्या त्या वेळात मुलाला कोणी काय पाठवलं, याचा पत्ता लागत नाही.

तिसरा पर्याय खुद्द इन्स्टाग्राममध्ये आहे. अठराच्या आतल्यांसाठीची ‘टीन अकाउंट’ भारतात फेब्रुवारी 2025 पासून आली. खातं आपोआप खाजगी राहतं, अनोळखी माणूस मेसेज करू शकत नाही, तासाभरानंतर ‘आता पुरे’ अशी आठवण येते, रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन गप्प. सोळाच्या आतल्या मुलाला हे नियम सैल करायचे तर पालकाची संमती लागते. त्यासाठी इन्स्टामधली ‘देखरेख’ (सुपरव्हिजन) ही सोय सुरू करायची असते, म्हणजे आपलंही इन्स्टा अकाउंट हवं. त्यातून गेल्या सात दिवसांत मूल कोणाकोणाशी बोललं ते दिसतं. काय बोललं ते दिसत नाही. काही पालकांना हे अपुरं वाटतं. माझ्या मते तेवढंच योग्य आहे. चौदा वर्षांच्या मुलीचं प्रत्येक चॅट वाचणाऱ्या घरात ती पुढचं चॅट दुसरीकडे करते.

मात्र हा सगळा डोलारा जन्मतारखेच्या एका रकान्यावर उभा आहे. पोराने 2012 ऐवजी 2004 टाकलं की इन्स्टाच्या लेखी तो मोठा माणूस, आणि वरचं एकही बंधन लागू नाही. त्यामुळे अकाउंट शेजारी बसून काढा आणि ती तारीख स्वतः टाका. आधीच काढलेलं असेल तर सेटिंगमध्ये जाऊन तपासा. सहावीपासून चोरून चाललेल्या अकाउंटवर हमखास खोटं साल सापडतं.

कायद्याची वाट बघू नका. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यानुसार अठराखालच्यांची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती लागणार आहे, पण नोव्हेंबर 2025 मध्ये आलेल्या नियमांनी त्यासाठी दीड वर्षाची मुदत दिली आहे. तोवर नववी संपून दहावी सुरू झालेली असेल.

मग निवडायचं काय? तेरा-चौदाच्या मुलाला पहिल्यांदाच फोन मिळत असेल तर फॅमिली लिंक आधी, इन्स्टा सहा महिन्यांनी, आणि तेव्हा देखरेखीसकट. अकाउंट चोरून आधीच चालू असेल तर बंदी घालून उपयोग नाही. साल दुरुस्त करा, देखरेख जोडा. रात्री दोनपर्यंत रील्स चालत असतील तर मात्र इन्स्टाच्या आठवणीवर विसंबू नका, कारण ती एका बोटाने बाजूला सारता येते. तिथे फोनचंच कुलूप हवं, आणि चार्जर हॉलमध्ये.

फोटोवरून कोणी धमकावत असेल तर या तिन्हींतलं काहीच ते पकडणार नाही. मुलानेच येऊन सांगावं लागतं. त्यासाठी ‘सांगितलंस तर फोन काढून घेणार नाही’ हे आजच बोलून ठेवा. तशी वेळ आलीच तर चॅट डिलीट न करता स्क्रीनशॉट ठेवा आणि 1930 या सायबर हेल्पलाइनवर किंवा मुलांसाठीच्या 1098 वर फोन करा.