विद्यापीठांची मोफत व्याख्याने: आठ महिन्यांच्या वापरानंतर

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी पुढच्या खोलीत मी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांची गणिताची शिकवणी घेते. बावीस वर्षे तेच शिकवत आल्यावर आपण कुठे समजून सांगतो आणि कुठे नुसते पाठ असलेले म्हणतो, हे आपले आपल्याला कळेनासे होते. म्हणून गेल्या जुलैपासून अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या ओपनकोर्सवेअर या मोफत संकेतस्थळावरची प्राध्यापक गिल्बर्ट स्ट्रँग यांची रेषीय बीजगणिताची व्याख्याने आणि एनपीटीईएल या आपल्याकडच्या मोफत ऑनलाइन उपक्रमाचा बारा आठवड्यांचा एक अभ्यासक्रम, असे दोन्ही नेमाने केले.

स्ट्रँग यांची व्याख्याने १९९९ साली वर्गातच चित्रित झालेली आहेत. फळा, खडू आणि ते, एवढेच. पहिल्याच तासाला ते २क्ष − य = ० आणि −क्ष + २य = ३ ही समीकरणे घेतात. दोन रेषा (१, २) या बिंदूत छेदतात, हे आपण सगळेच शिकवतो. पण मग ते तीच समीकरणे उभ्या स्तंभांत मांडतात: (२, −१) एकदा आणि (−१, २) दोनदा घेतले की (०, ३) मिळते. समीकरणे सोडवणे म्हणजे स्तंभ योग्य प्रमाणात मिसळणे, हे मला कुणी असे कधी सांगितलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी मी ते फळ्यावर केले, तेव्हा एका मुलीने विचारले, "ताई, दोन्ही स्तंभ एकाच रेषेत आले तर?" मी दुसरा स्तंभ (−४, २) केला आणि (०, ३) गाठून दाखव म्हटले; एकाच रेषेतल्या स्तंभांनी ते गाठताच येत नाही. अशा वेळी निश्चयक (डिटर्मिनंट) शून्य येतो; तो शून्य आल्यावर काय होते, हे त्या दिवशी मला सांगावे लागले नाही.

मुलांना अख्खे व्याख्यान दाखवण्याचा बेत मात्र फसला. पंधरा मिनिटांत माना खाली गेल्या, आणि परदेशी उच्चारातले इंग्रजी गुजराती किंवा मराठी माध्यमातून आलेल्यांना जडच गेले. शिवाय ओपनकोर्सवेअरच्या साहित्याला व्यावसायिक वापराची मुभा नाही आणि मी शुल्क घेते, हेही मनात होतेच. आता मी सात-आठ मिनिटांचा भाग घरी पाहायला सांगते, उत्तर येण्याआधी थांबून तो वहीत सोडवून आणायचा, आणि वर्गात निम्मे गुजरातीत, निम्मे मराठीत त्यावर बोलतो.

एनपीटीईएल हा सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ साली सुरू केलेला उपक्रम आहे. व्याख्याने मोफत आहेत. प्रमाणपत्र हवे असेल तर शुल्क भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते, आणि अंतिम गुणांत गृहपाठाचे २५ टक्के व परीक्षेचे ७५ टक्के धरतात. मला खरा उपयोग झाला तो दर आठवड्याच्या गृहपाठाचा, कारण व्याख्यान ऐकताना सगळे समजल्यासारखे वाटते आणि पहिल्याच प्रश्नाला पेन अडते. गौरींच्या दिवसांत पुरणपोळ्यांच्या गडबडीत एक गृहपाठ राहून गेला. बारांपैकी उत्तम आठच धरतात, म्हणून निभावले.

दोन भावंडांत एकच फोन असलेला एक मुलगा आहे. त्याला पाहायचा भाग मी आदल्या रात्री मराठीत दोन पानांवर लिहून देते, आणि अलीकडे बाकीचेही तीच पाने मागू लागले आहेत.